धुराच्या कापडाखाली

मी मुलांना आग शिकवतो. निवृत्तीनंतर काय करता असं कुणी विचारलं की मी हेच सांगतो, आणि समोरचा माणूस खुर्ची जराशी मागे घेतो.

अग्निशमन दलात माझी सगळी नोकरी पुण्यात गेली. मूळ गाव भंडाऱ्याकडचं. भरती झालो तेव्हा मला इथलं बोलणं जमायचं नाही. आमच्याकडे मुलांना पोट्टे म्हणतात. नोकरीच्या सुरुवातीला एकदा पेठेत गॅलरीच्या पत्र्यावर अडकलेलं मांजर उतरवायला गेलो होतो. खाली जमलेल्या मुलांना म्हणालो, "पोट्टे हो, बाजूला व्हा." मांजराचे मालक वरून म्हणाले, "मांजर सावकाश उतरवा. आधी भाषा उतरवा." तेव्हापासून तो शब्द मी गिळून टाकला. आता माझं बोलणं ऐकून कुणी गाव विचारत नाही. विचारलं तर मीच सांगतो.

या दिवाळी अंकासाठी शौर्याचे प्रसंग लिहा, असा निरोप आला होता. शौर्याचे प्रसंग आमच्याकडे फार नसतात. पाइप ओढायचे, भिजलेले पाइप वाळत घालायचे, अरुंद बोळात आडव्या लावलेल्या गाड्यांच्या मालकांना शोधायचं, यातच बराचसा जन्म जातो. म्हणून नोकरी संपल्यानंतरची एक हकीकत लिहितो. ती खरं तर नोकरीचीच आहे.

धायरीला आमच्या सोसायटीत वरच्या मजल्यावर अनघाताई राहतात. कर्वेनगरच्या एका शाळेत दुसरीला शिकवतात. एक दिवस लिफ्टमध्ये मला म्हणाल्या, "काका, मुलांना शनिवारवाड्याला नेलं की ती दरवाजाचे खिळे बघतात आणि परत येतात. आत नुसती जोती आणि हिरवळ. वाडा कुठे गेला विचारलं तर म्हणतात, पाडला असेल, टॉवर होणार असेल."

"जळाला म्हणून सांगा."

"सांगितलं. पण जळाला म्हणजे काय, ते या मुलांना माहीतच नाही. घरी इंडक्शन आहे. त्यांनी धड जाळ बघितलेला नाही."

हे खरं होतं. म्हणून मी गेलो.

आम्ही जे करायचो ते असं. मुलं घरून बुटांचे खोके, काडेपेट्या, आइसक्रीमच्या काड्या आणायची आणि वर्गात एक पेठ बांधायची. मधोमध वाडा. आजूबाजूला घरं, भिंतीला भिंत लागलेली. मग ती पेठ पत्र्यावर ठेवून मैदानात न्यायची आणि एका टोकाच्या घराला मी काडी लावायचो. पाण्याच्या बादल्या, वाळू, सगळं हाताशी. मुलं लांब दोरीमागे. आधी ओरडायची, टाळ्या वाजवायची. मग आग एका छपरावरून दुसऱ्यावर गेली की गप्प व्हायची. आपण रंगवलेलं घर जळताना माणूस गप्पच होतो, मग तो सात वर्षांचा का असेना.

नंतर मी सांगायचो. पेशवाई गेली, इंग्रज आले, त्यानंतर काही वर्षांनी वाड्याला आग लागली आणि कित्येक दिवस ती धुमसत राहिली. दगडाचं उरलं, लाकडाचं गेलं. हौदातून माणसांनी पाणी कसं काढलं असेल, हे समजावं म्हणून मुलांची रांग करून हातोहात तांबे पुढे द्यायचो. शेवटच्या मुलापर्यंत तांब्यात घोटभर पाणी उरायचं. बाकीचं सगळ्यांच्या बुटांत.

प्रत्येक वर्गात एक तरी मूल विचारायचंच, "काका, तिथे भूत आहे ना?"

"असेल तर त्याला आगीत काय करायचं ते कळतं. आपल्याला कळत नाही. म्हणून आपण आपलं शिकू," असं सांगून मी धुराकडे वळायचो.

बाहेरच्या माणसाला वाटतं, आगीत माणूस भाजून जातो. बहुतेक वेळा तसं होत नाही. आधी धूर येतो. धूर वर चढतो, छताला लागतो आणि तिथून खाली उतरत येतो. चांगली हवा उरते ती जमिनीलगत. म्हणून उभं राहून पळायचं नाही, रांगायचं. ओलं फडकं नाकाला लावायचं. दिसत नसतं, म्हणून एक हात भिंतीला ठेवायचा आणि तो सोडायचा नाही. आणि काही झालं तरी लपायचं नाही. माणसं लपतात. मुलं पलंगाखाली, मोठी माणसं न्हाणीघरात. शोधायला गेलेला फायरमन आधी हाक मारतो, मग गप्प उभा राहून ऐकतो. लपलेल्या माणसाकडून उत्तर येत नाही.

हे शिकवण्यासाठी माझ्या बायकोने, सुमनने, जुन्या चादरी जोडून करड्या रंगात बुडवल्या आणि एक मोठं कापड शिवलं. त्याची एक कड वर्गाच्या भिंतीला चिकटवायची, दुसरी कड चौथीच्या मुलांनी कमरेइतक्या उंचीवर धरायची. हा धूर. दुसरीच्या मुलांनी ओला रुमाल नाकाला लावून, भिंतीला हात ठेवून, कापडाखालून रांगत पलीकडे निघायचं. पलीकडे मी उभा. बाहेर आलेल्या प्रत्येकाच्या पाठीवर थाप. मुलांना हा खेळ फार आवडायचा.

अनघाताईंच्या वर्गात इरा नावाची मुलगी होती. शांत, जरा हळू बोलणारी. त्या दिवशी ती सगळ्यात शेवटी बाहेर आली. थाप घ्यायला थांबली नाही. वळून कापडाकडे बघत उभी राहिली.

"काका, त्या येत नाहीयेत."

"कोण गं?"

"काकू. भिंतीला टेकून बसल्यात. मी म्हटलं चला, तर बोलतच नाहीत."

मी हसलो. चौथीच्या मुलांना म्हणालो, उचला रे कापड. खाली फरशी होती आणि कुणाचं तरी खोडरबर.

"बघ. गेल्या त्या."

इराने मान हलवली. "गेल्या नाहीत. तुम्ही धूर काढलात ना, म्हणून दिसत नाहीत."

अनघाताई हसल्या, मीही पुन्हा हसलो, आणि तास संपला. पण घरी येताना सिंहगड रस्त्यावरच्या ट्रॅफिकमध्ये स्कूटर उभी असताना माझ्या लक्षात आलं की मी मघापासून हँडल फार घट्ट धरलंय.

पुढे काही दिवसांनी धायरीतल्याच एका शाळेत गेलो. तिथली मुलं वेगळी, आईवडील कुणी कारखान्यात, कुणी बांधकामावर. त्यांना जाळ काय असतो ते शिकवावं लागत नाही. पेठ जळाली, तांबे फिरले, कापड लागलं. सार्थक नावाचा एक चुणचुणीत मुलगा निम्म्यातच उलटा रांगत बाहेर आला आणि रुमाल काढून म्हणाला, "काका, आत पानी सांडतंय. नळ चालू हाय. बंद करू का?"

"वर्गात नळ कुठे आहे?"

"त्या बाई बसल्यात ना, तिथं."

त्या शाळेतलं कुणी कर्वेनगरच्या शाळेतल्या कुणाला ओळखत नव्हतं. मी कापड उचलायला सांगितलं नाही. स्वतःच गुडघ्यांवर बसलो, कड वर केली आणि आत पाहिलं. करडा अंधार, आणि भिंतीला हात लावून येणारी दोन मुलं. बाकी काही नाही. पण मी ऐकत राहिलो. सवयीने. हाक मारल्यावर जसं ऐकतो तसं. मुलं बाहेर येऊन मला ओलांडून गेली तरी मी तसाच वाकून होतो. शेवटी तिथल्या शिक्षिका म्हणाल्या, "अहो काका, बरं वाटत नाहीये का?"

घरी येऊन मी ते कापड गॅलरीत पसरलं आणि इंच इंच बघितलं. सुमन दारात उभी राहून बघत होती.

"काय शोधता?"

"काही नाही."

"मग ते सापडलं की सांगा, घडी घालते."

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी अनघाताई खाली आमच्याकडे आल्या. इरा घरी न्हाणीघरात एकटी जात नव्हती. दार उघडं ठेवून आईला बाहेर उभं करायची. वडील शाळेत येऊन बोलून गेले होते आणि मुख्याध्यापिकांनी सांगितलं होतं, आगीचा उपक्रम बंद.

"बरोबर आहे त्यांचं," मी म्हणालो. "बंद करू."

अनघाताईंनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "काका, एक विचारू? मुलं कापडाखाली शिरली की तुम्ही दर वेळी एकाच ठिकाणी बघता. भिंतीकडे, खाली. सगळी मुलं बाहेर आली तरी तुम्ही लगेच कापड काढू देत नाही. थोडं थांबता. दुसरीची मुलं गोष्ट नुसती ऐकत नाहीत, सांगणाऱ्याकडे बघत असतात. तिथे कोण आहे?"

हे मला माहीत नव्हतं. आपण कुठे बघतो, ते आपल्याला दिसत नाही. पण तिथे कोण आहे ते मला माहीत होतं.

मग मी त्या दोघींना सांगितलं. सुमनला त्या आगीचं ठाऊक होतं, एवढं ठाऊक नव्हतं.

शहरातल्या एका जुन्या इमारतीत तळमजल्यावर गाद्यांचं दुकान होतं. सकाळची वेळ. फोम पेटला की धूर काळा आणि जड असतो, जिन्यातून तो वर गेला. आम्ही पोचलो तेव्हा रहिवासी खाली रस्त्यावर होते. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू एकट्या राहतात, पण त्या गावाला गेल्यात, असं शेजारी म्हणाले. असं कुणी कितीही सांगितलं तरी आम्ही खोल्या तपासतोच. मी आणि माझा जोडीदार पाठीवर हवेची टाकी लावून वर गेलो. हाताला भिंत. डोळ्यांसमोर स्वतःचा पंजासुद्धा दिसत नव्हता. हाक मारली, थांबलो, ऐकलं. पाण्याचा आवाज येत होता. त्या आवाजामागे गेलो.

न्हाणीघरात जमिनीलगत टॉर्चच्या उजेडात थोडं दिसत होतं. नळ चालू होता, बादली भरून वाहत होती. काकू भिंतीला टेकून खाली बसल्या होत्या. पदर ओला करून त्यांनी नाकातोंडावर धरला होता. जमिनीलगत बसल्या होत्या. सगळं बरोबर केलं होतं. फक्त दाराखालच्या फटीत ओलं फडकं कोंबायचं राहिलं होतं. अंगावर भाजल्याची एक खूण नाही. डोळे उघडे, माझ्याकडेच बघत असल्यासारखे.

मी म्हणालो, "काकू, चला. खाली सगळे थांबलेत."

त्या उठल्या नाहीत, म्हणून मी पुन्हा तेच म्हणालो. मग जोडीदाराने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

माझं सांगून झाल्यावर अनघाताई हलक्या आवाजात म्हणाल्या, "म्हणजे मुलांना तेच दिसतंय. तुमच्या चेहऱ्यावरचं."

"चेहऱ्यावर नळ दिसतो का हो, ताई?"

सुमन उठली, स्वयंपाकघरात गेली आणि तिने सिंकचा नळ आवळून बंद केला. तो गळत नव्हता.

परत येऊन ती मला म्हणाली, "आता काहून घाबरता? त्या बाईने काय वाईट केलं कुणाचं?"

"मी घाबरत नाही. लेकरू घाबरलंय. म्हणून बंद करायचं."

"तुम्ही थांबलात तर इरासाठी त्या काकू तिथेच बसून राहतील," अनघाताई म्हणाल्या. "पुढे काय झालं ते तिला कुणीतरी सांगायला हवं. मला ते माहीत नाही. तुम्हाला माहीत आहे."

मुख्याध्यापिका एका अटीवर तयार झाल्या. इराचे वडील वर्गात बसतील, आणि आग पेटवायची नाही. वडील आले. पाठीवर लॅपटॉपची सॅक, ऑफिसला उशीर होत असल्यासारखे. मला म्हणाले, "काका, नो ऑफेन्स. तुमचं काम ग्रेटच आहे. पण सात वर्षांच्या मुलांना हे सगळं हवंच का?"

मी म्हणालो, "खरं सांगू का, मलाही माहीत नाही."

मी मुलांना गोल बसवलं आणि साध्या शब्दांत सांगितलं. एक काकू होत्या. आग लागली तेव्हा त्या बाहेर न येता लपून बसल्या. आम्ही गेलो, त्या सापडल्या, पण उशीर झाला होता. धुराने त्या वारल्या होत्या. नळाचं, पदराचं, डोळ्यांचं काही बोललो नाही. इराचे वडील पुढे सरकून बसले.

इराने हात वर केला. "मग तुम्ही त्यांना तिथेच ठेवलं?"

"नाही. बाहेर आणलं."

"कसं?"

"जिना अरुंद होता. स्ट्रेचर वळेना. म्हणून त्यांच्याच पलंगावरची चादर घेतली, त्यात त्यांना ठेवलं आणि चौघांनी उचलून खाली आणलं."

इरा उठली. कोपऱ्यात घडी करून ठेवलेल्या धुराच्या कापडाकडे गेली. "मग आपण आणू या," ती म्हणाली.

मी अनघाताईंकडे पाहिलं. त्यांनी वडिलांकडे. वडिलांनी खांदे उडवले.

मुलांनी कापड जमिनीवर पसरलं, भिंतीलगत, जिथे ते दर वेळी चिकटवायचो तिथेच. इराने भिंतीपाशी वाकून कुणाला तरी धरल्यासारखं केलं. आणखी दोघीतिघी पुढे झाल्या. "हळू. डोकं सांभाळ," एक मुलगी दुसरीला म्हणाली. मग सगळ्यांनी कडा धरल्या आणि उचललं.

खेळात मुलं रिकामी बादलीसुद्धा जड असल्यासारखी उचलतात, हे मला माहीत आहे. पण तेव्हा खेळणाऱ्याचा हात वर जातो आणि नाटक चेहरा करतो. इथे चेहऱ्यावर काही नव्हतं. हात खाली ओढले जात होते. कापड मधोमध खोल गेलं होतं. दाराजवळ एका मुलीच्या हातून कड सुटू लागली, तेव्हा इराचे वडील पटकन पुढे आले आणि त्यांनी ती धरली. धरली आणि ते थांबले. कापडात बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मग दुसराही हात लावला.

"थांबा!" इरा म्हणाली. "त्यांची चप्पल राहिली."

ती मागे पळाली. भिंतीपाशी मोकळ्या फरशीवर वाकली, दोन्ही हातांनी काहीतरी उचललं, झटकलं, आणि परत येऊन कापडात पायाच्या बाजूला अलगद ठेवलं.

चपलेचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं. सुमनला नाही, जोडीदाराला नाही. चादर जिन्यातून उतरवताना काकूंचा एक पाय उघडा पडला होता. तो अनवाणी होता, दुसऱ्यात निळी रबरी चप्पल होती. एक वरच राहिली, न्हाणीघराच्या पाण्यात. मला वाटलं होतं, परत जाऊन आणावी. पण खाली पोचलो तोच दुकानाच्या मागच्या बाजूने पुन्हा भडका झाला, पाइप हातात आला, आणि दुपारी सगळं आवरेपर्यंत काकूंना नेलं होतं.

मुलांनी कापड मैदानात नेलं, कडुनिंबाखाली टेकवलं आणि सगळी हात झटकत उभी राहिली. कुणीतरी विचारलं, डबा खायचा का? अनघाताईंनी हो म्हटलं. एका मिनिटात मैदान मोकळं झालं. मी कापड उचललं तेव्हा ते नेहमीचं कापड होतं, हलकं. मधल्या भागात ओल होती. खेळ होणार म्हणून सकाळी मुलांनी रुमाल भिजवले होते, त्याचीच असणार.

इराचे वडील जायला निघाले, फाटकापर्यंत गेले आणि परत आले.

"काका, त्यात काय ठेवलं होतं तुम्ही?"

"काही नाही."

"नाही, म्हणजे खरंच."

"खरंच काही नाही."

त्यांनी सॅक खांद्यावरून उतरवली. मग म्हणाले, "ओके," आणि ऑफिसला न जाता इराच्या वर्गाबाहेरच्या बाकावर जाऊन बसले. शाळा सुटेपर्यंत तिथेच होते.

दुसऱ्या दिवशी अनघाताईंनी निरोप दिला. इरा न्हाणीघरात एकटी गेली होती, दार लावून, गाणं म्हणत. उपक्रम पुन्हा सुरू झाला. आता मी लपायचं नाही हे शिकवताना त्या काकूंबद्दल चार वाक्यं सांगतो. नाव ठाऊक नाही, म्हणून काकूच म्हणतो. दाराखालच्या फटीत ओलं फडकं कोंबायचं, हेही शिकवतो. पूर्वी घाईत राहून जायचं.

गेल्या महिन्यात कोथरूडच्या एका इंग्रजी शाळेत गेलो होतो. मोठी शाळा, एकामागून एक वर्ग. पहिल्या वर्गाचा खेळ संपत आला. एक चष्म्याचा मुलगा सगळ्यांच्या मागून, बराच वेळ लावून बाहेर आला. गुडघे झाडले, नाकावरचा रुमाल काढून त्याची नीट घडी केली.

"काका, आत कोणी नाहीये," तो म्हणाला. "मी सगळीकडे चेक केलं."

मी त्याला बघायला सांगितलं नव्हतं. त्या वर्गाला काकूंची गोष्ट अजून सांगायचीच होती.

"शाब्बास," मी म्हणालो आणि त्याच्या पाठीवर थाप मारली. कापड उचलून बघितलं नाही. दारात पुढच्या वर्गाची मुलं ओले रुमाल घेऊन रांगेत उभी होती. त्यांना आत घेतलं.